निबंधात दुसऱ्याचे वाक्य घेताना संदर्भ कसा द्यावा?

व्हॉट्सॲपवर एखादे वाक्य खाली थोर व्यक्तीचे नाव लावून फिरते. ते कोणत्या पुस्तकातले, हे सहसा कोणी विचारत नाही. अभ्यासपूर्ण निबंधात मात्र हाच प्रश्न आधी येतो. कोणता विचार कोणाचा हे कळावे आणि वाचणाऱ्याला मूळ मजकूर शोधता यावा, यासाठी संदर्भ द्यायचा असतो.

संदर्भ केव्हा द्यावा लागतो?

• शब्द जसेच्या तसे घेतले, तर अवतरणचिन्हे घालून लेखक, वर्ष आणि पान द्यावे.
• विचार स्वतःच्या शब्दांत मांडला, तर अवतरणचिन्हे नकोत. पण संदर्भ हवाच. चार शब्द बदलल्याने विचार आपला होत नाही.
• दुसऱ्याची आकडेवारी, तक्ता किंवा छायाचित्र वापरले, तरी संदर्भ हवा.
• महाराष्ट्र राज्याची स्थापना १ मे १९६० रोजी झाली, अशा सर्वज्ञात माहितीला संदर्भ लागत नाही.

अवतरण कसे द्यावे?

मूळ शब्द बदलू नयेत. मधला भाग गाळल्यास तीन टिंबे द्यावीत, स्वतःचा शब्द घातल्यास तो चौकटी कंसात ठेवावा. ‘एपीए’ पद्धतीत ४० किंवा अधिक शब्दांचे अवतरण वेगळ्या परिच्छेदात, डावीकडे जागा सोडून आणि अवतरणचिन्हांशिवाय देतात. इंग्रजी मजकुराचा अनुवाद स्वतः केला असेल, तर तशी नोंद करावी.

कोणती प्रत वापरली?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ १९३६ साली प्रसिद्ध झाले. महाराष्ट्र शासनाने १९७९ मध्ये काढलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या पहिल्या खंडातही ते आहे. वाचला खंड आणि पान दिले जुन्या पुस्तकाचे, तर वाचणाऱ्याला ते वाक्य त्या पानावर सापडणार नाही. म्हणून हातातल्या प्रतीचेच पान द्यावे आणि ‘आंबेडकर, १९३६/१९७९’ अशी दोन्ही वर्षे लिहावीत. मूळ पुस्तक न पाहता ते वाक्य दुसऱ्याच्या लेखातून घेतले असेल, तर ‘अमुक लेखात उद्धृत’ असे प्रामाणिकपणे सांगावे.

संदर्भ दिला नाही तर?

विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे वाङ्मयचौर्यविरोधी नियम पदव्युत्तर आणि संशोधन पातळीवरील प्रबंधांना लागू आहेत. त्यांनुसार साम्य १० टक्क्यांपर्यंत असल्यास शिक्षा नाही. १० ते ४० टक्के असल्यास प्रबंध सुधारून जास्तीत जास्त सहा महिन्यांत द्यावा लागतो. ४० ते ६० टक्क्यांना सुधारित प्रबंध सादर करण्यास एक वर्ष बंदी, तर त्यापुढे नोंदणीच रद्द होते. रीतसर संदर्भ दिलेली अवतरणे मात्र या मोजणीतून वगळली जातात.

साधे निबंध या नियमांत येत नाहीत, पण सवय तिथेच लागते. टिपण काढतानाच पुस्तक, वर्ष आणि पान लिहून ठेवावे. शेवटच्या रात्री पान शोधत बसण्याची वेळ येत नाही.