सांडपाणी शुद्धीकरण, बदलापूर
घरगुती सांडपाणी नदीत सोडण्यापूर्वी त्यातील मैला व सेंद्रिय घाण काढण्याची नागरी व्यवस्था.  बदलापूरचा उतार उल्हास नदीकडे. नदी पुढे कल्याणवरून वसईच्या खाडीला मिळते. बदलापूरच्या बॅरेजवर हीच नदी पिण्याचे पाणीही पुरवते, म्हणून इथे शुद्धीकरण ही चैन नव्हे.

शुद्धीकरण केंद्रात आलेले पाणी आधी जाळीतून जाते. प्लास्टिक, चिंध्या अडतात. मग वाळू खाली बसते. खरे काम जिवाणूंचे: टाकीत हवा सोडली की ते सेंद्रिय घाण खातात, गाळ तळाशी बसतो, वरच्या पाण्याला क्लोरीन देतात. वीज गेली की हवा थांबते, आणि जिवाणू गुदमरतात. 2017 च्या केंद्रीय अधिसूचनेत शुद्ध केलेल्या पाण्यातील बीओडीची (घाण खाताना जिवाणूंना लागणाऱ्या प्राणवायूची) मर्यादा महानगरांत लिटरला 20, इतरत्र 30 मिलिग्रॅम ठरली.

केंद्र बांधणे त्यातल्या त्यात सोपे. प्रत्येक इमारतीची जोडणी भूमिगत गटाराला देणे चिवट काम. जोडणी नसलेले पाणी नाल्यातूनच नदीत जाते. कल्याणजवळच्या मोहने परिसरात पसरणारी जलपर्णी त्यातल्याच नत्र-स्फुरदावर पोसते. उल्हास व वालधुनी या नद्यांच्या प्रदूषणाचा वाद ‘वनशक्ती’ संस्थेने राष्ट्रीय हरित लवादापुढे नेला.