इरावतीबाईंचा प्रबंध

कॉलेजात मोठी पदवी घ्यायची तर शेवटी एका विषयाचा स्वतः शोध घेऊन मोठं लिखाण करावं लागतं. त्याला प्रबंध म्हणतात. आज अशाच एका प्रबंधाची गोष्ट.

इरावती कर्वे यांचा जन्म १९०५ सालचा, ब्रह्मदेशातला. शिक्षण पुण्यात झालं. मुंबईत डॉ. घुर्ये यांच्या हाताखाली १९२८ मध्ये त्या एमए झाल्या. त्या प्रबंधाचा विषय होता त्यांचीच जात, चित्पावन ब्राह्मण. पुढच्या शिक्षणासाठी त्यांना जर्मनीला जायचं होतं. सासरे म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे. बायकांच्या शिक्षणासाठी त्यांनी आयुष्य वेचलं, पण सुनेनं परदेशी जावं हे त्यांना पटलं नाही. नवरा दिनकर मात्र पाठीशी उभा राहिला. उसने पैसे घेऊन इरावतीबाई निघाल्या.

बर्लिनमध्ये त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, मोठे नावाजलेले प्राध्यापक. गोरी माणसं जन्मतःच जास्त हुशार, असं त्यांचं मत. मेंदूचा उजवा भाग मोठा असल्यामुळे गोऱ्यांची कवटी दोन्ही बाजूंनी सारखी नसते, असं ते मानत. हे तपासायचं काम इरावतीबाईंकडे आलं.

त्यांनी १४९ कवट्या मोजल्या. काही युरोपातल्या, काही बाहेरच्या. डावी बाजू, उजवी बाजू, एकेक माप घ्यायचं, लिहायचं, ताडून बघायचं. आकडे काय बोलले? कवटीच्या दोन बाजूंत थोडा फरक सगळ्याच माणसांत असतो. गोऱ्या-काळ्याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

आता विचार करा. परका देश, परकी भाषा, डोक्यावर कर्ज. पदवी ज्यांच्या हातात, त्यांचंच म्हणणं खोटं ठरत होतं. गुरुजींना आवडेल तसं लिहिलं असतं तर कोणाला कळलं असतं? पण बाईंनी जे मोजलं तेच लिहिलं. गुण अगदी कमी मिळाले, तरी डॉक्टर होऊनच त्या परतल्या.

पुढे थोड्याच वर्षांत हिटलरच्या राजवटीनं उच्च-नीच वंशाच्या असल्याच विचारांवर लाखो माणसं मारली. तेव्हा त्या आकड्यांचं मोल कळतं.

इरावतीबाई नंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवत राहिल्या. माणसांचा अभ्यास करत गावोगाव हिंडल्या, वारकऱ्यांबरोबर पंढरीची वाट चालल्या, ‘युगान्त’ लिहिलं. १९७० मध्ये त्या गेल्या.

आपल्यालाही कोणी म्हणतं, अमक्या जातीची माणसं अशीच, बायकांना हिशेब जमत नाही. अशा वेळी मान डोलावू नका. विचारा, “तुम्ही मोजून पाहिलंय का?”