तसबिरीतली साडी

एकोणिसाव्या शतकात युरोपातील नियतकालिकांतून छापली जाणारी वेशभूषेची रंगीत चित्रे पुढे चौकटीत बसून दिवाणखान्यात गेली. आज तशा चित्रांच्या प्रती आपल्याकडील सदनिकांतही दिसतात. मात्र मराठी घराच्या भिंतीवर छापील वेशभूषा त्याआधीच आली होती. ती आली देवाच्या रूपाने.

पुण्यात १८७८ साली चित्रशाळा छापखाना निघाला. १८९४ मध्ये राजा रविवर्मा यांनी मुंबईत शिळाछापाचा कारखाना काढला आणि १८९९ मध्ये तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड वापरून तेथे लक्ष्मी-सरस्वतीची चित्रे छापली जात. ही चित्रे संस्थानिकांच्या महालापुरती राहिली नाहीत. मोहोळसारख्या गावातील माळवदाच्या घरातही तसबीर लागली ती याच छापील परंपरेतून.

या चित्रांतील वस्त्र गौण नव्हते. बडोद्याच्या सयाजीरावांसाठी चौदा पौराणिक चित्रे काढण्यापूर्वी रविवर्म्यांनी देशभर हिंडून निरनिराळे पेहराव पाहिले होते. पौराणिक स्त्रीला नेसवायचे काय, हा त्यांच्यापुढचा खरा प्रश्न होता. उत्तर म्हणून त्यांनी साडी निवडली. घरोघरच्या स्त्रियांनी ते उत्तर आपल्या परीने पुढे नेले. छापील लक्ष्मीच्या साडीवर त्या जर आणि टिकल्या चिकटवीत. पूजा आणि हौस यांतील सीमारेषा इथे पुसली जाते. चित्रातील स्त्रीचे वस्त्र डोळे भरून पाहण्याची मुभा या घरांना भक्तीने दिली.

पण या मुभेची किंमतही होती. कमळावरच्या लक्ष्मीच्या साडीच्या निऱ्या पायघोळ आहेत. शेतात राबणारी स्त्री कासोटा घालते, कारण तिचे पाय मोकळे असावे लागतात. सोलापुरात १८७७ साली कापडगिरणी उभी राहिली. कापड आणि कापडाचे चित्र, दोन्ही यंत्रातून येऊ लागण्याचा हा एकच कालखंड. तरीही कापड विणणाऱ्या आणि ते नेसून राबणाऱ्या स्त्रीचा पेहराव तसबिरीत क्वचितच दिसला. वंदनीय ठरले ते कष्ट न करणारे वस्त्र.

पुढे दीनानाथ दलाल (१९१६-१९७१) आणि रघुवीर मुळगावकर (१९१८-१९७६) यांनी दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांतून आणि दिनदर्शिकांतून ही परंपरा घराघरांत नेली. दलालांच्या मुखपृष्ठावरील स्त्रीला देवत्वाचा आधार लागला नाही. तिचा अंबाडा, गजरा आणि पदर हेच चित्राचे प्रयोजन ठरले.

साहित्याच्या अभ्यासात आपण अंकातील कथा-कविता जपतो आणि मुखपृष्ठ मात्र ‘कॅलेंडरी’ म्हणून बाजूला सारतो. ज्या घरात पुस्तक नव्हते, तिथेही तसबीर होती. स्त्रीने कसे दिसावे, याचा धडा त्या घराने भिंतीवरूनच वाचला. स्त्री-प्रतिमेचा इतिहास लिहिताना ही भिंत वगळली, तर तो इतिहास वाचणाऱ्यांचा होईल. पाहणाऱ्यांचा होणार नाही.