भट्टी विझली, भिंत ओलावली

अमेरिकेच्या ईशान्य भागात शंभर वर्षांहून जुनी घरे आजही नांदती आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांना तळघर आहे. हिवाळ्यात तिथली जमीन तीन-चार फूट खोलवर गोठून फुगते. म्हणून पाया त्याखाली न्यावाच लागे, आणि इतके खणल्यावर आणखी थोडे खणून तळघर काढणे सोयीचे पडे. १९०० पूर्वीच्या या भिंती बहुधा दगडाच्या, चुन्यात बांधलेल्या. जमिनीतली ओल दरजांतून आत येई, चुना ती शोषून घेई आणि आतल्या हवेत हळूहळू सोडून देई. आज अशा भिंतीला आतून उष्णतारोधक अस्तर लावले आणि काही वर्षांत कुबट वास येऊ लागला, की खापर जुन्या बांधकामावर फुटते. मला हा निवाडा चुकीचा वाटतो. ही भिंत मुळात कोरडी कधीच नव्हती. तिला वाळवणारी आग घराच्या पोटात होती. ती विझली, आणि तिचे काम दुसऱ्या कोणावर सोपवायचे राहून गेले.

१९४० च्या जनगणनेत अमेरिकेतली निम्म्याहून अधिक घरे कोळशावर तापत होती. तळघराच्या मधोमध ओतीव लोखंडाची भट्टी असे आणि तिच्या माथ्यावरून जाडजूड नळ वरच्या खोल्यांकडे जात. भट्टीची बरीच उष्णता वर पोचण्याआधीच तळघरात सांडे. धुराडे तळघरातली दमट हवा सतत ओढून बाहेर टाके. फुकट गेलेली ही उष्णता भिंतीच्या मात्र कामी येत होती. पुढे तेल आणि गॅस आले; १९७० पर्यंत कोळशावर तापणारी घरे अगदी थोडी उरली. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखले आणि इंधनाची बचत हे राष्ट्रीय धोरण झाले. १९७८ च्या कायद्याने घराच्या उष्णतारोधनावरील खर्चाच्या १५ टक्के, जास्तीत जास्त ३०० डॉलर, करात सवलत दिली. अनेक तळघरांत लाकडी चौकटी उभ्या राहिल्या, त्यांत ग्लासवूल भरले गेले आणि वरून प्लॅस्टिकचा कागद ठोकला गेला.

हा कागद आला कुठून? १९३० च्या दशकात मिनेसोटा विद्यापीठात फ्रँक रॉली यांनी भिंतींत साचणाऱ्या बाष्पाचा अभ्यास केला. हिवाळ्यात घरातली उबदार, दमट हवा भिंतीत शिरते आणि थंड भागाशी तिचे पाणी होते. म्हणून उबदार बाजूला बाष्परोधक थर हवा, असा नियम त्या काळच्या संशोधनातून रूढ झाला. जमिनीवरच्या लाकडी भिंतीला तो लागू होता. तळघरात मात्र ओल बाहेरच्या मातीतून आत येते. तोच कागद इथे आतून लावला की ओलीची आत सुटण्याची वाट बंद होते. कागद काढून पाहिला, तर दगडांच्या सांध्यांवर पांढरा लोणा फुललेला असतो, हाताने चोळला तर चुना पिठासारखा गळतो आणि लाकडाचा तळ काळा पडलेला असतो.

कोणी म्हणेल, भट्टी येण्यापूर्वीही तळघरे होतीच आणि ती ओली होती. खरे आहे, पण तेव्हा तिथे बटाटे, सफरचंदे आणि पिंपे ठेवली जात. ओल तिथे चालत असे, कारण तिथे कोणी झोपत नव्हते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मग भिंत उघडीच ठेवावी का? नाही. उघडी भिंत हिवाळ्यात उष्णता गमावते. उन्हाळ्यात मातीला टेकलेला तिचा भाग थंडच राहतो, आणि बाहेरची दमट हवा त्याला लागली की भिंतीला घाम फुटतो. प्रश्न क्रमाचा आहे. आधी छताची पन्हळ दुरुस्त करून पाणी पायापासून दूर न्यावे, अंगणाचा उतार घराबाहेर काढावा, दरजा चुन्यानेच भराव्यात. त्यानंतर ग्लासवूलऐवजी, घरातली हवा दगडापर्यंत पोचू न देणारा फोम भिंतीला बिलगून लावावा. हा क्रम उलटला तर धोका वाढतो, कारण अस्तरामागे भिंतीचा जमिनीवरचा भाग अधिक गार पडतो आणि ओला दगड गोठला की तडकतो. पूर्वी ओलीचा निकाल कोळसा लावत असे. आता पाणी बाहेरच अडवणे हाच त्याला पर्याय आहे. ते टाळून बसवलेल्या अस्तराने वाचवलेले पैसे पुढे पायाच्या दुरुस्तीत जातात.