लोहाफेक्स : समुद्रात सोडलेलं लोखंड

ध्रुवीय समुद्रांच्या मोहिमांबद्दल बोलताना आज आपण २००९ सालच्या ‘लोहाफेक्स’पाशी थोडं थांबू. नावातला ‘लोहा’ आपला, हिंदीतला. कारण मोहिमेत गोव्याची, दोनापावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था भागीदार होती. दुसरी भागीदार जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था. ‘पोलारस्टर्न’ हे जहाज तिचं. नेतृत्व वाजिह नक्वी आणि व्हिक्टर स्मेटासेक यांचं.

प्रश्न जुनाच. दक्षिण महासागरात नायट्रेट, फॉस्फेट भरपूर, तरी वनस्पतिप्लवक बेताचेच. असं का? अमेरिकी शास्त्रज्ञ जॉन मार्टिन यांनी सांगितलं, तिथे लोह कमी पडतं. अर्धा टँकर लोह द्या, हिमयुग आणून दाखवतो, असं ते थट्टेत म्हणाले होते. थट्टा काहींनी फारच मनावर घेतली! लोह टाकायचं, प्लवक वाढवायचे, त्यांनी कार्बन डायऑक्साइड शोषायचा आणि मरून खोल बुडायचं. २००४च्या ‘आयफेक्स’ प्रयोगात हे बऱ्याच अंशी घडलंही होतं. मग कार्बनची पतपत्रं विकू पाहणारे व्यापारीही पुढे आले.

जानेवारीत जहाज केपटाउनहून निघालं आणि तिकडे जर्मनीत वाद पेटला. पर्यावरण मंत्रालयाचा विरोध. संशोधन मंत्रालयाने काम थांबवायला सांगितलं. शास्त्रज्ञ भर समुद्रात, निर्णय बर्लिनमध्ये. महिनाअखेर परवानगी मिळाली.

आम्हां तत्त्वज्ञानवाल्यांना इथे खरा पेच दिसतो. प्रयोगशाळेला भिंती असतात, समुद्राला कुठल्या? इथे प्रयोग करणं म्हणजेच निसर्गात ढवळाढवळ करणं. विरोधकांची धास्ती रास्त होती. पण प्रयोगच केला नसता, तर व्यापाऱ्यांचा दावा तपासणार कोण? म्हणून आमचा कौल मोहिमेच्या बाजूने.

एका मोठ्या भोवऱ्यात सुमारे ३०० चौरस किलोमीटरवर लोह सल्फेटचं द्रावण सोडलं. प्लवक वाढले खरे. पण त्या पाण्यात सिलिका जवळपास संपलेली, आणि सिलिकेचं कवच असलेले डायटम तिच्याशिवाय वाढत नाहीत. आयफेक्समध्ये बुडाले होते ते हेच डायटम. इथे वाढले ते मऊ, बिनकवचाचे बारीक जीव. कोपेपॉड नावाच्या चिमुकल्या कवचधारी प्राण्यांनी ते फस्त केले. त्या कोपेपॉडांवर थेमिस्टो जातीच्या अँफिपॉडांनी ताव मारला. खोल पाण्यात कार्बन फारच थोडा गेला.