भू धातूचे स्लाव्ह आप्त व आपला ‘होता’

रशियन, पोलिश, चेक, सर्बियन इत्यादि भाषांची जननी जी आद्य स्लाव्ह भाषा, तींत लिहिलेली एक ओळहि उपलब्ध नाहीं. तथापि तिच्यांत ‘असणें’ या अर्थी ‘बीति’ हें क्रियापद होतें, असें भाषाशास्त्रज्ञ खात्रीनें सांगतात. रशियन बित्य, पोलिश बिच्, चेक बीत्, सर्बियन बिति या वंशजांवरून तें बांधून काढलेलें आहे. अनुमित म्हणून त्यावर तारकाचिन्ह देतात, इतकेंच.

संस्कृतज्ञास हा पाहुणा परका नाहीं. तो आपला भू होय. स्लाव्ह भाषांत भकारांतील महाप्राण लोपतो व ऊ चा मागें ओढलेला इकार होतो. धूम शब्दाचें रशियन ‘दिम्’ पाहिलें म्हणजे दोन्ही नियम एकदम पटतात. आमच्याकडे उलट महाप्राणच तेवढा उरला. वररुचीनें प्राकृतांत भू च्या जागीं ‘हो’ सांगितला, तोच आपला ‘होणें’.

याहून मौजेची गोष्ट पुढेंच आहे. रशियनांत वर्तमानकाळीं ‘येस्त्य’, म्हणजे अस्ति, आणि भूतकाळीं ‘बिल्’. जुन्या मराठींतहि वर्तमानीं अस्तिपासूनचा ‘आथि’ आणि भूतकाळीं भवन्त्, होन्त या मार्गानें आलेला ‘होता’. (‘आहे’ची व्युत्पत्ति वादग्रस्त असल्यानें ती येथें घेत नाहीं.) नवी मुंबईच्या आगरी वस्त्यांत ऐकूं येणारा ‘व्हता’ हा त्याच घरचा. मात्र ‘बिल्’मधील लकार पाहून ‘गेला’, ‘केला’ यांच्या लकाराशीं नातें जोडण्याचा मोह आवरावा. आपला लकार प्राकृत प्रत्ययांतून आलेला आहे.

स्लाव्ह पंडितांस हें साधलें तें जुन्या पोथ्यांतील अक्षर न अक्षर राखल्यामुळें. इ. स. १०५६-५७ मध्यें लिहिलेल्या ऑस्ट्रोमीर शुभवर्तमानाच्या पहिल्याच वाक्यांत या धातूचें भूतकाळी रूप आहे. आमचा कुडल येथील शके ९४० चा, म्हणजे १०१८ चा, शिलालेख त्याहून जुना, आणि त्याचेंहि अखेरचें क्रियापद ‘होणें’चेंच आहे. पण शिळेवरचें अक्षर टिकलें. कागदावरचें आम्ही सुधारतों! ‘होणें’चा भूतकाळ ‘झाला’ हा भू पासून नसून ‘जात’पासून आहे, याची साक्ष जुन्या कागदांतील ‘जाला’ हा जकार देतो. आणि संपादक छापतांना नेमका तोच पुसून ‘झाला’ करितो. लेखकाचा हस्तदोष म्हणून टीपहि देत नाहीं.

ज्यांच्या संग्रहीं शिवपूर्वकालीन कागद वा पोथ्या असतील त्यांनीं ‘जाला’ व ‘आथि’ हीं रूपें, पान व ओळ यांसह, जशींच्या तशीं उतरून या त्रैमासिकाकडे धाडावीं, अशी आमची विनंति आहे.