खतावणी उशिरा भरते: शंभूनाथ डे आणि सायटेशनचा हिशेब

आज आपण एक साधा वाटणारा प्रश्न घेऊ. एखाद्या वैद्यकीय संशोधकाच्या कामाचं मोल त्याच्या निबंधांना मिळालेल्या सायटेशनवरून ठरवता येतं का? सायटेशन म्हणजे काय, तर ‘हे आम्ही अमक्याकडून घेतलं’ अशी नंतरच्या संशोधकाने दिलेली जाहीर कबुली. उधारीच्या वहीतली नोंदच म्हणा ना.

उत्तर शोधायला आपण कलकत्त्याला जाऊ. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी तिथेच कॉलऱ्याच्या, म्हणजे आपल्या पटकीच्या, स्वल्पविरामासारख्या जंतूची ओळख पक्की केली. हा जंतू विष सोडत असणार, हा अंदाजही त्यांचाच. पण पुढची पाऊणशे वर्षं ते विष कुणाला नेमकं दाखवता येईना. ते अंगभर पसरून माणसाला मारतं, अशी समजूत होती आणि शोध त्याच दिशेने चालला होता.

शंभूनाथ डे यांचा जन्म १९१५ चा, हुगळी जिल्ह्यातला. लंडनहून १९४९ मध्ये पीएच.डी. घेऊन ते कलकत्त्याला परतले. १९५३ मध्ये त्यांनी सहकाऱ्याबरोबर एक युक्ती प्रसिद्ध केली. जिवंत सशाच्या आतड्याचा छोटा भाग दोन्ही टोकांना दोऱ्याने बांधायचा आणि आत जंतू सोडायचे. दुसऱ्या दिवशी तो भाग पाण्याने टम्म फुगलेला! मग १९५९ मध्ये त्यांनी जंतू गाळून वेगळे केले आणि ज्यात ते वाढले होते, तेवढंच द्रव आत सोडलं. तरीही आतडं फुगलं. म्हणजे विष जंतूंबाहेर, त्या द्रवात होतं, आणि त्याची करामत आतड्यातच चालत होती. ‘नेचर’मध्ये हा निबंध आला, जेमतेम दोन पानांचा.

आता बघा, पुढे काय झालं? सुरुवातीला फारसं काहीच नाही. विष शुद्ध स्वरूपात वेगळं काढलं गेलं ते १९६९ मध्ये, अमेरिकेत फिंकेलस्टाइन आणि लोस्पॅल्युटो यांच्याकडून. त्यानंतर हे विष पेशींचं कामकाज समजून घेण्याचं हत्यारच बनलं, आणि मग लोक मागे वळून डे यांच्याकडे पाहू लागले. १९७८ मध्ये कॉलऱ्यावरच्या नोबेल परिसंवादाचं निमंत्रण त्यांना आलं. नोबेल मानकरी जोशुआ लेडरबर्ग यांनी त्यांचं नाव नोबेलसाठी सुचवलं होतं. मायदेशात मात्र एकाही मोठ्या विज्ञान अकादमीने त्यांना हयातीत सदस्य करून घेतलं नाही. १९८५ मध्ये ते गेले.

आणि इथे गोष्टीत वेगळाच माणूस येतो: यूजीन गारफील्ड. सायटेशनची मोजदाद करणारी सूची त्यांनी फिलाडेल्फियात उभी केली. ती नियमितपणे निघू लागली १९६४ मध्ये, म्हणजे डे यांच्या निबंधानंतर. १९८६ मध्ये गारफील्ड यांनी कॉलऱ्याच्या संशोधनाचा नकाशा याच नोंदींवरून काढला आणि त्यात डे यांचं स्थान जगाला दाखवलं. म्हणजे अकादम्यांना जे दिसलं नाही, ते वहीने दाखवलं. पण माणूस गेल्यावर!

तेव्हा आकडे खोटे, असं आपण म्हणणार नाही. आकड्यांनीच डे यांना न्याय दिला. अडचण आहे वेळेची. १९६२ मध्ये एखादी निवड समिती बसली असती आणि तिने फक्त सायटेशन मोजली असती, तर डे यांच्या पदरात काय पडलं असतं? हिर्श यांचा २००५ चा एच-निर्देशांक घ्या. तीनच निबंध असलेल्याचा निर्देशांक तीनच्या वर जात नाही, मग त्या तिघांनी विषयाचं सगळं रूप पालटलेलं का असेना. दुसरं टोकही आहे. शोध सर्वमान्य झाला की त्याचा उल्लेख गळून पडतो. कॉलऱ्याला जंतू कारण, हे लिहिताना आज कोण कॉखचा निबंध उद्धृत करतं? समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी या विस्मरणाकडे लक्ष वेधलं होतं.

म्हणून बढती, अनुदान, नेमणूक यांचे निर्णय घेणाऱ्यांकडे आपला आग्रह एवढाच: आकडा पाहा, पण त्याआधी निबंध वाचा. डे यांचा तर दोनच पानांचा होता. अर्धा तास पुरला असता.

चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.